सत्तर मिनिटांचा खेळ आणि उरलेली वीस मिनिटे

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचाच का असावा, तो आखूड करावा काय, निदान त्याची वेळ तरी बदलावी काय, हा प्रश्न अलीकडे पुन्हापुन्हा विचारला जातो. खेळाचे नियम ठरविणारे जे आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ साली स्थापन झाले, त्यानेच २०१७ साली एक सूचना चर्चेसाठी पुढे ठेवली. चेंडू प्रत्यक्ष खेळात असेल तेवढाच वेळ मोजावा, तो थांबताच घड्याळही थांबवावे, आणि तीस-तीस मिनिटांचे दोन भाग खेळवावेत, अशी ती सूचना होती. ती अमलात आली नाही. परंतु तिच्यावरील वाद वाचताना आम्हांस एका गोष्टीचे नवल वाटले. सामना आखूड करण्याचा प्रयोग पुढे कधीतरी करून पाहावा, अशा थाटात मंडळी बोलत होती. आणि आपल्या देशात हा प्रयोग अनेक दशके चालू होता, त्याचे बरेवाईट फळही आपण चाखले, याची कोणास आठवणही दिसत नव्हती. ती जुनी हकिकत येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम हे नव्वद मिनिटांचे माप आले कोठून, ते पाहू. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, त्यांत सामन्याच्या कालावधीचा उल्लेखच नाही. उभय संघांनी आपसांत ठरवावे आणि खेळावे, अशी रीत होती. ३१ मार्च १८६६ रोजी लंडन आणि शेफील्ड यांच्यात बॅटरसी पार्कमध्ये सामना झाला, तेव्हा खेळ तीन वाजता सुरू करून साडेचारला संपवावा असे आधीच ठरले होते. नव्वद मिनिटांचा हा एक प्रसिद्ध असा आरंभीचा दाखला. यात शरीरशास्त्राचा विचार नव्हता, की कोणा वैद्याचा सल्लाही नव्हता. दोन शहरांच्या प्रतिनिधींनी सोयीची म्हणून एक वेळ ठरविली, एवढेच. पुढे १८९७च्या नियमांत नव्वद मिनिटे हे माप लेखी आले. तेही 'उभयपक्षी अन्यथा ठरले नसेल तर' अशी मोकळीक ठेवून.

तीन वाजता सुरू करण्यालाही कारण होते. १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबविले. मग एकंदर गिरणीच शनिवारी लवकर सुटू लागली. कामगाराने घरी जावे, दोन घास खावेत आणि मैदान गाठावे, तो तीन वाजतात. इंग्लंडच्या हिवाळ्यात साडेचार-पाचनंतर उजेड राहत नाही. गिरणीचा भोंगा आणि मावळणारा सूर्य या दोहोंच्या मध्ये जेवढी फट उरली, तेवढ्यात इंग्रजांचा फुटबॉल बसला.

हा खेळ पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला. सिमल्यास १८८८ साली ड्युरँड चषक सुरू झाला, मुंबईस रोव्हर्स चषक त्यामागोमाग आला, आणि कलकत्त्यास १८९३ साली आय. एफ. ए. शील्डची स्पर्धा सुरू झाली. परंतु मैदान बदलले तशी ती फटही बदलली. कलकत्त्याचा फुटबॉल हा उन्हाळ्याच्या अखेरीचा आणि पावसाळ्याचा खेळ. दुपारच्या उन्हात व दमट हवेत खेळणे गोऱ्या शिपायांनाच काय, आपल्या लोकांनाही जड जाणार. म्हणून खेळ सायंकाळी. प्रेक्षक बहुतांशी कचेऱ्यांतील कारकून. डलहौसी चौकातील कचेऱ्या सुटल्या की ही मंडळी पायी किंवा ट्रॅमने मैदानाकडे लोटत. आणि पूर्वेकडच्या या शहरात सूर्य लवकर मावळतो.

मुंबई-पुण्याहून बदलून कलकत्त्यास आलेल्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. जुलै महिन्यात मुंबईस सव्वासातपर्यंत उजेड असतो. कलकत्त्यास सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी सूर्य गेलेला असतो. एकाच देशाच्या एकाच घड्याळात जवळजवळ तासाभराचा फरक! जुन्या कलकत्तेकरांनी यावर आपल्या परीने तोड काढली होती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी त्यांनी सुमारे चोवीस मिनिटे पुढे असलेली आपली 'कलकत्ता टाइम' १९४८पर्यंत सोडली नाही. हट्टाच्या बाबतीत मुंबईही मागे नव्हती. एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' तेथे १९५५पर्यंत टिकून होती. पण घड्याळ पुढे केल्याने उजेड वाढत नाही. कचेरी सुटण्याची वेळ आणि अंधार यांत जे अंतर होते तेवढेच राहिले, आणि नव्वद मिनिटे व मध्यंतर त्यात बसणे कठीण होते. मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यातील. तेथे विजेच्या दिव्यांचे खांब उभारण्याची कल्पनाही त्या काळी कोणाच्या मनात आली नसेल.

म्हणून सामने आखूड झाले. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून शील्ड जिंकली, ती घटना सर्वविदित आहे. दहा अनवाणी खेळाडू आणि एक बूट घातलेला, असा तो संघ. पण तो सामना पंचवीस-पंचवीस मिनिटांचा, म्हणजे अवघ्या पन्नास मिनिटांचा होता, ही बाब गौरवगीतांत बहुधा येत नाही. पलटणीने पहिला गोल केला. खेळ संपण्यास थोडी मिनिटे उरली असता शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. शेवटच्या क्षणांत दमले होते ते गोरे शिपाई. यावरून विजयाचे मोल कमी होते असे आम्ही म्हणत नाही. जे माप दोघांनाही एकच होते, त्यात जिंकणे हे जिंकणेच होय.

पुढे पन्नासाची साठ व साठाची सत्तर मिनिटे झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आपल्या देशातील मोठे सामने सर्वसाधारणपणे सत्तर मिनिटांचे असत. ज्याला आपण भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग म्हणतो, त्याचे घड्याळ सत्तर मिनिटांचे होते. हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईस कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला तो याच काळात. दिल्लीस १९५१ साली पहिले आशियाई खेळ झाले, तेथेही फुटबॉलचे सामने चाळीस-चाळीस मिनिटांचे ठेविले होते; शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील आपल्या संघाने अंतिम सामन्यात इराणचा एका गोलाने पराभव केला आणि सुवर्णपदक मिळविले. तो गोल मेवालाल यांचा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. घरी सत्तर मिनिटे आणि बाहेर नव्वद, अशी दोन मापे एकाच संघाला किती काळ परवडणार? ३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या संघाचा सामना फ्रान्सशी झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने तिसाव्या मिनिटाला गोल केला. सत्तराव्या मिनिटाला रामन यांनी तो फेडला. दोन पेनल्ट्या आपण वाया घालविल्या, त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सत्तराव्या मिनिटाच्या त्या बरोबरीकडे कोणी थांबून पाहिलेले आमच्या वाचनात नाही. कलकत्त्याच्या मैदानावर असते तर त्याच सुमारास पंचांनी शिटी वाजविली असती आणि सामना बरोबरीत सुटला असता. इल्फर्डच्या मैदानावर मात्र अजून वीस मिनिटे खेळावयाची होती. फ्रान्सचा विजयी गोल झाला एकोणनव्वदाव्या मिनिटाला.

एका सामन्यावरून सिद्धान्त काढणे बरे नव्हे, हे आम्ही जाणतो. १९५२ साली हेलसिंकीस युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले. त्याचा दोष शेवटच्या वीस मिनिटांवर टाकणे म्हणजे निव्वळ वकिली होय. तेथे थंडी होती, अनवाणी पाय होते आणि प्रतिस्पर्धी सर्वच बाबतींत सरस होता. १९५६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ते मूळचे गोव्याचे, आणि मुंबईच्या टाटा संघातून खेळणारे. त्यांनीच उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध बावन्नाव्या मिनिटाला आपल्याला आघाडीही मिळवून दिली. ती आघाडी गेली आणि आपण चार विरुद्ध एक असे हरलो. पण त्या चारांतील तीन गोल पासष्टाव्या मिनिटापर्यंत होऊन गेले होते. म्हणजे सत्तर मिनिटांच्या घड्याळानेही तो सामना वाचला नसता.

तरीही इतर काही नोंदी डोळ्यांआड करता येत नाहीत. १९६० साली रोमला पुन्हा फ्रान्सच समोर आला. एकाहत्तराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी गोल केला आणि फ्रान्सने ब्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधली. १९६२ साली जाकार्ताला आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात वीस मिनिटांच्या आतच बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे दोन गोल झाले होते. दक्षिण कोरियाने एक फेडला तो पंचाऐंशीव्या मिनिटाला. सुवर्णपदक आपले राहिले, पण ती अखेरची पाच मिनिटे मैदानावरील आपल्या खेळाडूंना किती लांब वाटली असतील याची कल्पना करवत नाही. या संघांना घडविणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. शिष्यांना घरी सत्तर गुणांचीच परीक्षा असता नव्वद गुणांच्या परीक्षेसाठी तयार करणे किती अवघड, हे शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणास अधिक कळणार? १९६३ साली ते गेले. त्यांच्यानंतर आशियाई सुवर्णपदक आपल्याला पुन्हा लाभलेले नाही. १९७०च्या दशकात देशी स्पर्धांतही नव्वद मिनिटे आली. तोवर आशियातील इतर देश बरेच पुढे निघून गेले होते.

मग आखूड सामना वाईटच, असे म्हणावे काय? आमचे मत तसे नाही. सत्तर मिनिटे ही त्या हवेला, त्या मैदानाला आणि त्या प्रेक्षकाला शोभणारी होती. चूक एवढीच की, ते माप घरापुरते होते आणि महत्त्वाकांक्षा जगाची होती. याउलट, आखूडपणा जेव्हा वरून लादला जातो तेव्हा त्यात अवहेलनाही असू शकते. १९९१ साली चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले. जणू पुढची दहा मिनिटे स्त्रियांना झेपणारच नव्हती! १९९५च्या स्पर्धेत तो नियम गेला, आणि स्त्रिया नव्वद मिनिटे खेळल्या. त्यांपैकी कोणास ती जास्त झाल्याचे ऐकिवात नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र आमचे म्हणणे निराळे आहे. खेळाची लांबी एक असावी, पण सुरू करण्याची घटका ज्या त्या भूमीने ठरवावी. येथे खरा गुन्हेगार उन्हाळा नसून व्यापार आहे. १९७० साली मेक्सिकोत अंतिम सामना भर दुपारी बारा वाजता सुरू झाला, १९९४ साली अमेरिकेत साडेबाराला. कारण युरोपातील घराघरांत त्या वेळी संध्याकाळ होती आणि दूरचित्रवाणीचे संच चालू होते. १८५०च्या कायद्याने कामगाराच्या सोयीसाठी जी वेळ निघाली, तीच सोय आता दूर बसलेल्या प्रेक्षकाची पाहू लागली. मैदानावरचा घाम कोणाच्या हिशेबात धरला गेला नाही. पुढे २०१४ साली ब्राझीलमध्ये फोर्तालेझा येथे नेदरलँड्स-मेक्सिको सामना पाणी पिण्यासाठी अधिकृतपणे थांबविण्यात आला, आणि २०२२ साली कतारने तर सबंध विश्वचषकच उन्हाळ्यातून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरात नेला. त्याच स्पर्धेत वाया गेलेला वेळ पंचांनी काटेकोरपणे भरून देण्यास आरंभ केला, आणि काही सामने मध्यंतर वगळूनही शंभर मिनिटांच्या पलीकडे गेले. आखूड करण्याची चर्चा चालू असता खेळ उलट लांबला, ही यातली गंमत.

आपल्याकडे दिवे आले, तरी दुपार सुटली नाही. १९८४ साली कलकत्त्यास साल्ट लेकचे प्रचंड क्रीडागार उघडले. आज इंडियन सुपर लीगचे बहुसंख्य सामने रात्रीच होतात. परंतु आय-लीगचे कित्येक सामने आपण दुपारी दोन वाजता खेळविले. ज्या उन्हाला टाळण्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी सामना पन्नास मिनिटांवर आणला, त्याच उन्हात आपण पूर्ण नव्वद मिनिटे खेळाडूंना पळविले. रिकाम्या बाकांनी त्यावर आपला अभिप्राय दिलाच.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५पासून शनिवारी सुटी आहे, आणि बंगालचे सचिवालय २०१३ साली डलहौसी चौकातील रायटर्स बिल्डिंगमधून हावड्याला गेले. कचेरी सुटताच मैदानाकडे लोटणारा तो कारकून आता त्या वाटेवर पूर्वीसारखा दिसत नाही. मैदानावरील जुन्या गवती पटांगणांत मात्र कलकत्ता लीगचे सामने अजूनही पावसाळ्यात, बहुधा दुपारीच सुरू होतात, आणि अंधार पडण्यापूर्वी ते संपवावे लागतात.