चांगुणा सख्खी का राहिली?

राजुरीत आजीनं चिलया बाळाची गोष्ट सांगितली तेव्हा मी रडले होते. दुसऱ्या दिवशी मात्र 'तीच सांग' म्हणून मागे लागले. इतकी भीषण गोष्ट ऐकणाऱ्याला सोसते कशी?

श्रीधरस्वामींच्या 'शिवलीलामृता'त (१७१८) अतिथी होऊन आलेला शंकर श्रियाळ-चांगुणेकडे त्यांच्याच मुलाचं मांस मागतो. आई मुलाचं डोकं उखळात कांडते, तेही डोळ्यांत पाणी न आणता, गाणं म्हणत. आता ग्रिम बंधू बघा. १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई. १८१९मध्ये ती सावत्र झाली. शेवटचे तापलेले लोखंडी बूट मात्र तसेच राहिले! म्हणजे कात्री चालली ती आईवर, रक्तावर नाही.

चांगुणा मात्र सख्खीच राहिली. मला वाटतं, शेवटी ती हाक मारते आणि बाळ धावत येतं, म्हणून. (आजी ती हाक मलाच मारायला लावायची.) बाराव्या शतकातल्या तमिळ 'पेरियपुराणा'त सिरुतोंडरची कथा अशीच आहे, तिथे सीराळन हे मुलाचं नाव, आपल्याकडे श्रियाळ बापाचं. तिथंही मूल परत येतं.

'पूर्वीचे लोक निबर होते' असं प्रबंधात लिहिण्याआधी दोन आवृत्त्या शेजारी ठेवा आणि नेमकं काय बदललं तिथे खूण करा. मी आधी निष्कर्ष लिहिला, मग आवृत्त्या उघडल्या. पहिलं प्रकरण अख्खं पुन्हा लिहावं लागलं.