पाहुण्याची भाषा ओळखायची कशी?

घरी पाहुणा आला की त्याची भाषा विचारावी लागत नाही. त्याने दारातून हाक मारली की ती कळते. संकेतस्थळावर येणारा पाहुणा मात्र मुका असतो. तो नुसता पत्ता टाकतो आणि पान मागतो. मग ते पान त्याला मराठीत द्यायचे, हिंदीत की इंग्रजीत?

हा प्रश्न जवळजवळ महाजालाइतकाच जुना आहे. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये महाजालाची कल्पना मांडली ती जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत. एका बाजूला फ्रान्स आणि दुसऱ्या बाजूला चार राष्ट्रभाषांचा स्वित्झर्लंड. अशा ठिकाणी जन्मलेल्या महाजालाच्या नियमांत भाषेची सोय लवकरच झाली. ब्राऊझर पान मागताना सोबत जणू एक चिठ्ठी पाठवतो : 'शक्यतो मराठी द्या, नसेल तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी.' या चिठ्ठीचे नाव 'अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज'. तिच्यात प्रत्येक भाषेच्या आवडीला शून्य ते एक असे गुणही देता येतात. भाषांच्या खुणा कशा लिहायच्या याची पद्धत मार्च 1995 मध्ये नॉर्वेचे तज्ज्ञ हॅराल्ड आल्व्हेस्ट्रांड यांनी नोंदवली. मराठीची खूण 'एमआर'. कोकणीला दोन अक्षरी यादीत जागा मिळाली नाही, म्हणून तिची खूण तीन अक्षरी, 'केओके'.

व्यवस्था छान होती. जानेवारी 1997 च्या नियमावलीत तर अशीही शिफारस होती, की भाषेची पसंती ठरवण्याची सोय वापरणाऱ्याच्या हाती असावी. प्रत्यक्षात ही चिठ्ठी बहुतेकांनी कधी पाहिलीच नाही. संगणक इंग्रजीत बसवलेला, म्हणून चिठ्ठीही इंग्रजीत. माणूस मराठी, पण सर्व्हरला वाटे, साहेबांना इंग्रजीच हवे!

मग दुसरी युक्ती निघाली. पाहुणा कोणत्या गावाहून आला ते पाहायचे आणि तिथली भाषा द्यायची. पण ब्रुसेल्समध्ये फ्रेंच आणि डच दोन्ही अधिकृत आहेत, तिथे कोणती द्याल? बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसासमोर कानडी पान आले तर? गाव पायांचे असते, भाषा जिभेची.

काहींनी भाषेच्या जागी झेंडे लावले. स्पॅनिशसाठी स्पेनचा झेंडा लावला तर मेक्सिकोच्या माणसाने काय करावे? आणि मराठीसाठी कोणता लावणार?

चांगली उदाहरणेही आहेत. युरोपीय समुदायाच्या 1958 च्या पहिल्याच नियमाने चार भाषा अधिकृत ठरवल्या. 2013 मध्ये क्रोएशिया आल्यावर त्या 24 झाल्या. युरोपीय संघाच्या संकेतस्थळाने अनेक वर्षे दारातच भाषांची यादी ठेवली, प्रत्येकीचे नाव तिच्याच भाषेत. विकिपीडिया 2001 मध्ये इंग्रजीत सुरू झाला, मराठी विकिपीडिया 2003 मध्ये. त्याच्या प्रवेशाच्या पानावरही 'मराठी' हा शब्द देवनागरीतच दिसतो.

गोष्ट लहान वाटते, पण सगळे तिच्यातच आहे. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्यालाच मराठी पानाची खरी गरज. त्या पानाकडे नेणारे बटण इंग्रजीत लिहिले तर ते त्याला सापडणार कसे? अर्ज भरायला आलेला माणूस दारातूनच परत जातो, आणि आत मराठी पान वाचकाविना पडून राहते.

म्हणून अंदाज जरूर करावा, पण त्याची सक्ती करू नये. भाषा बदलायची सोय प्रत्येक पानावर असावी. बदलल्यावर तेच पान दुसऱ्या भाषेत उघडावे, पहिल्या पानावर ढकलून देऊ नये. आणि एकदा सांगितलेले पुढच्या खेपेला लक्षात ठेवावे. त्यासाठी लागणारी 'कुकी' 1994 पासून हाताशी आहे.

यंत्राला तर्क करता येतो. पण पाहुण्याला काय हवे ते शेवटी पाहुण्यालाच विचारावे, आणि तेही त्याला कळेल अशा शब्दांत.