टाच

टाच हा शब्द आमच्या धंद्यात जरा अशुभच. कर्जाचे हप्ते थकले, नोटिसा झाल्या, वकील झाले, की शेवटी मालमत्तेवर टाच येते. त्यामुळे वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला टाच म्हटलं की आधी बेलीफ दिसतो आणि मग पाय आठवतो. परंतु मध्यंतरी वाचता वाचता एक टाच अशी भेटली, की भल्या भल्या राजेरजवाड्यांनी ती पदरचे पैसे मोजून स्वतःच्या पायाखाली आणवून घेतली होती. बुटाची टाच म्हणतोय मी. चांगली दोन-तीन इंच उंच. आणि ती घालून मिरवणारे बायका नव्हेत, बाप्ये!

आता इतिहास हा काही माझा विषय नव्हे. मी साधा बी.कॉम. आमच्या इतिहासात कालखंड दोनच, मागलं आर्थिक वर्ष आणि चालू आर्थिक वर्ष. पण ही माहिती मिळाली ती बाटाच्या कृपेनं, आणि बाटावर आमच्या घराण्याचा रिझर्व्ह बँकेच्या खालोखाल विश्वास. एके काळी किमतीच्या शेपटीला पंचाण्णव पैसे लावून वरचे पाच पैसे इमानानं परत करणारं ते दुकान! त्या बाटा घराण्यातल्या सोन्या बाटा नावाच्या बाईंनी जगभरची जुनी पादत्राणं जमवली. (आपल्याकडे त्यासाठी लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहिलं तरी पुरतं, फक्त त्याला कुणी संग्रह म्हणत नाही.) त्यांचं संग्रहालय कॅनडात टोरांटोला आहे. १९९५ साली उघडलेली त्याची इमारतसुद्धा बुटाच्या खोक्यासारखी, वर झाकण जरा तिरपं ठेवल्यासारखी बांधलीय. तिथं २०१५ साली एलिझाबेथ सेमेलहॅक या विदुषीनं पुरुषांच्या उंच टाचांचं प्रदर्शन मांडलं. तिनं सांगितलेली हकिगत वाचली आणि मला आमचे धाकटे काका आठवले. पण ते नंतर.

गोष्ट सुरू होते घोड्यावर. इराणचे स्वार घोडा दौडत असताना रिकिबीत उभे राहून बाण मारीत. आता हलत्या लोकलमध्ये उभं राहून पेपर वाचणाऱ्याला यातली अडचण सांगायला नको. पाय पुढं सरकला की बाण एकीकडे, स्वार दुसरीकडे. त्यावर तोड म्हणून बुटाला टाच आली. ती रिकिबीच्या दांडीला मागून अडकायची आणि पाय जागच्या जागी राहायचा. म्हणजे टाच जन्माला आली ती उंचीसाठी नव्हेच. ती होती खुंटी. कामाची वस्तू. आपल्याकडे रिकीब हा शब्द फारसीतूनच आला. मोजा हाही तिथलाच, आणि फारसीत मोजा म्हणजे चक्क बूट. इकडे येईतो त्यातलं कातडं वाटेत कुठं गळालं कोण जाणे, आपल्या वाट्याला नुसतं अस्तर आलं.

१५९९ साली इराणच्या शाह अब्बासनं युरोपकडे एक शिष्टमंडळ धाडलं. तुर्कांविरुद्ध आघाडी करायची होती. हुसेन अली बेग आणि अँथनी शर्ली नावाचा एक उचापती इंग्रज, अशी मंडळी मॉस्को, प्राग, रोम करीत स्पेनपर्यंत गेली. आघाडी काही झाली नाही. सगळ्या आघाड्यांचं होतं तेच झालं. पण त्या सुमारास युरोपच्या दरबारी लोकांना इराणी स्वारांच्या थाटाची अशी काही भूल पडली, की घोडा राहिला तबेल्यात आणि टाच आली दिवाणखान्यात.

इथून खरी मौज आहे. युरोपातले तेव्हाचे रस्ते म्हणजे खडी, खड्डे आणि चिखल. (कुणाला आपल्या गावची आठवण झाल्यास तो योगायोग समजावा.) तिथं टाचेचा बूट घालून चार पावलं टाकणं म्हणजे शिक्षाच. आणि नेमकी म्हणूनच ती टाच प्रतिष्ठेची. जो शेतात राबत नाही, ओझं उचलत नाही, पायी कुठं जात नाही, तोच ती घालू शकतो. हे मला लगेच पटलं. आमच्या बँकेतसुद्धा ज्याच्या टेबलावर फायलींचा डोंगर तो कारकून आणि ज्याच्या टेबलावर नुसती काच तो साहेब.

या टाचेपायी दोनशे वर्षं युरोपातल्या बुटांमधला डावा-उजवा हा भेद नाहीसा झाला, हे तुम्हाला ठाऊक आहे? टाचेच्या बुटासाठी डाव्या-उजव्या पायाचे वेगवेगळे लाकडी साचे कोरणं अवघड आणि खर्चाचं. तेव्हा कारागिरांनी सरळ एकच साचा ठेवला. दोन्ही बूट सारखे, कुठलाही कुठल्याही पायात घाला. १६०० ते १८०० ही दोन शतकं तिथले शूर सेनापती, तत्त्वज्ञ, बिशप असे सगळे जमा आणि नावे एकाच रकान्यात घालून चालत होते. त्या काळच्या युरोपात इतक्या लढाया का झाल्या याची कारणं पाठ्यपुस्तकात पाच-सहा देतात. पायांना लागणारे बूट हे कारण कुठंच दिलेलं नाही.

टाचेला खरी राजमान्यता दिली ती फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं. हा गृहस्थ १६४३ साली, वयाच्या पाचव्या वर्षात गादीवर बसला आणि १७१५ पर्यंत उठला नाही. बहात्तर वर्षं! आमच्याकडे साठीला हातात नारळ देतात. लुईला नाचाचा भारी शौक. १६५३ साली, चौदा वर्षांचा असताना, दरबारच्या नृत्यनाट्यात तो सूर्य होऊन नाचला, आणि तेव्हापासून स्वतःला सूर्यच समजू लागला. आपल्या पोटऱ्यांचा त्याला विलक्षण अभिमान. १७०१ साली रिगो नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. ते काढायला सांगितलं होतं स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला धाडण्यासाठी. पण तयार झाल्यावर आजोबांना स्वतःचंच रूप इतकं आवडलं, की त्यांनी ते ठेवून घेतलं. आज ते लूव्ह्रमध्ये आहे. साठी उलटलेला राजा, डोक्यावर केसांचं ढोलं, अंगावर पांढऱ्या लोकरीच्या अस्तराचा पायघोळ झगा, आणि तो झगा मुद्दाम बाजूला सारून पुढं केलेला पाय. पांढरा पायमोजा आणि खाली लालभडक टाच.

ही लाल टाच हे दरबारी मंडळींचं ओळखपत्र. लाल टाचवाला म्हणजे दरबारातला माणूस, असा शब्दच फ्रेंचमध्ये रूढ झाला. व्हर्सायच्या राजवाड्यात नीटनेटका पोशाख केलेल्या कुणालाही प्रवेश असे. कमरेला तलवार हवी, पण नसली तर ती दारावर भाड्यानं मिळे. टाचेचं तसं नव्हतं. ती लाल व्हायला कुळच हवं.

लुई बुटका होता म्हणून त्यानं टाचा चढवल्या, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही, आणि त्याला साक्षीदार आहे इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. १६५१ मध्ये लढाई हरून हा पळाला, तेव्हा पार्लमेंटनं त्याला पकडून देणाऱ्यास हजार पौंडांचं इनाम लावलं. त्या जाहीरनाम्यात ओळखीची खूण काय, तर माणूस दोन यार्डांहून उंच, म्हणजे सहा फुटांच्या वर. बिचाऱ्याला नोकराच्या वेशात लपता लपता पुरेवाट झाली; उंचीनं जीव जायची वेळ आली होती. मग १६६१ साली राज्याभिषेक झाला. त्या थाटातल्या चित्रात महाराजांच्या पायात काय, तर फ्रेंच तऱ्हेच्या लाल टाचा! आता सहा फुटांवरच्या माणसाला आणखी उंची कशाला हवी? उंचीचा प्रश्नच नव्हता. राजा आहे, तर टाच हवी.

हा चार्ल्स म्हणजे आपला मुंबईचा घरमालकच. पोर्तुगालची कॅथरीन त्यानं केली आणि हुंड्यात मुंबई घेतली. १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्यानं देऊन टाकली, वर्षाला दहा पौंडांनी. आज त्या भाड्यात चर्चगेटला टाच टेकायलाही जागा मिळायची नाही.

मग एवढी जुलमी टाच गेली कुठं? तर सतराव्या शतकात, १६३०च्या आसपास, तिकडच्या बायकांनी पुरुषांच्या एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली. पाइप ओढू लागल्या, टोप्या घातल्या, आणि टाचाही घेतल्या. हळूहळू पुरुषांची टाच रुंद, चौकोनी, ठेंगणी झाली आणि बायकांची निमुळती, कमानदार. पुढल्या शतकात ‘विवेक’ नावाची नवी फॅशन आली. पुरुष म्हणजे विचारी प्राणी, त्यानं साधे, गडद, कामाचे कपडे घालावेत असं ठरलं, आणि १७४०च्या सुमारास पुरुषांच्या पायातली टाच उतरली. फ्ल्यूगल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३० साली या प्रकाराला ‘पुरुषांचा महान त्याग’ म्हटलंय. आता आपण टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या पायात दिसली की तिला हसायचं, याला त्याग म्हणायचं असेल तर म्हणा. शंभर वर्षं पुरुषांनी तीच टाच घातली तेव्हा तिला रुबाब म्हणत. बायकांच्या पायात गेली आणि तीच टाच नखरा, थिल्लरपणा, चालताना पडणार बघा एखादे दिवशी! रक्कम तीच, पण एकदा जमेला लिहायची, एकदा नावे. ऑडिटरनं हे खपवून घेतलं नसतं.

त्यानंतर पुरुषाला टाच घालायची झाली तर काहीतरी निमित्त लागू लागलं. अमेरिकेतल्या गुराख्यांना ते निमित्त होतं घोड्याचं. त्यांच्या बुटाच्या टाचेचं काम इराणी स्वारांच्या टाचेचंच. दुसरं निमित्त गिटारचं. १९६१ साली जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी लंडनच्या एका दुकानात बूट पाहिले, त्यांना उंच टाचा लावून घेतल्या, आणि बघता बघता ते बीटल्सचे बूट म्हणून जगभर झाले. बाकी बिनघोड्याच्या, बिनगिटारीच्या माणसाला क्षमा नाही. त्याच फ्रान्समध्ये २००७ ते २०१२ निकोला सार्कोझी अध्यक्ष होते, तर वर्तमानपत्रवाले त्यांच्या बुटांच्या टाचांवर डोळा ठेवून असत. लुईनं झगा सारून दाखवली ती टाच. आणि यांची लोकांनी शोधून काढली! आता तर उंचीचे पॅड मिळतात, ते बुटाच्या आत घालायचे. दिसता कामा नयेत ही त्यांची पहिली अट.

आमच्या धाकट्या काकांनी मात्र जे केलं ते उघड उघड केलं. सत्तरीतल्या त्या दशकात मुंबईत बेलबॉटमची लाट आली होती. बेलबॉटमचा घेर एवढा, की खाली उंच बूट नसला तर घालणारा रस्ता झाडत जायचा. त्यामुळे टाच ही पँटचीच गरज आहे असं सांगायची सोय होती. काका पाच फूट दोन इंच. चार वर्षं स्थळं येत होती आणि उंचीच्या रकान्याशी येऊन परत जात होती. दोन ठिकाणी तर मुलींनी नव्हे, मुलींच्या मावश्यांनी, तेही काकांना ऐकू जाईल अशा बेतानं, नाकारलं होतं. काका घरात कुणाशी बोलेनासे झाले होते म्हणतात. मग त्यांनी तीन इंच टाचेचे तपकिरी बूट शिवून घेतले, आणि मध्यस्थानं पुढल्या चिठ्ठीत बेधडक पाच फूट पाच लिहिलं.

१९७८ साली काका दादरला मुलगी पाहायला गेले. काकू वरून खिडकीतून बघत होती. खाली रस्त्यावरून एक बऱ्यापैकी उंच तरुण ऐटीत चालत आला. पण तो जिना चढून दाराशी आला आणि आपल्या संस्कृतीनं घात केला. व्हर्सायमध्ये बूट घालून थेट राजापर्यंत जाता येत होतं. दादरला उंबरठ्याबाहेर काढावे लागतात. काका बूट काढून आत आले ते तीन इंच बाहेर ठेवून, आणि बेलबॉटम मागे फरफटत.

काकू पाच फूट चार. ती पोहे घेऊन आली. रीतीप्रमाणे काकांच्या आत्यानं तिला जरा चालून दाखवायला सांगितलं. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, “मी चालून दाखवलं, यांनी बूट काढून दाखवले. फिटलं की!” खोलीत सगळे गप्प. तिच्या वडिलांना तर घाम फुटला. आणि काका, जे चार वर्षं हसले नव्हते, ते पोह्यांची बशी हातात धरून असे हसू लागले की शेवटी बशी कुणीतरी काढून घेतली.

लग्नात त्यांनी कोल्हापुरी घातली. नंतर मोच्याकडून बुटांच्या टाचा कापून आणल्या, तर पुढचा भाग होडीसारखा वर झाला, म्हणून ते बूट माळ्यावर गेले. बेलबॉटमच्या सहा पँटी तेवढ्या तीन-तीन इंच लांब पडत होत्या. काकूनं त्या खालून दुमडून एका रविवारी दुपारी सगळ्या टाचून दिल्या.