सुंदरबनाच्या नकाशात आपली माणसे कुठे आहेत?

पर्यावरण हा आपला विषय नाही, असे चळवळीतले अनेक तरुण आम्हाला सांगतात. जंगल, वाघ, नद्या हे पोट भरलेल्यांचे विषय. आपल्यापुढे शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचार हे प्रश्न आहेत, असा त्यांचा युक्तिवाद असतो. या तरुणांनी मरिचझापीचा इतिहास एकदा वाचावा. जंगल वाचवण्याच्या नावाखाली दलितांचे अन्नपाणी तोडले गेले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो हा इतिहास आहे.

सुंदरबन हे जगातले सर्वात मोठे सलग खारफुटीचे जंगल. सुमारे १०,००० चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा जवळपास ६० टक्के भाग बांगलादेशात आणि उरलेला भारतात आहे. १९४७ मध्ये त्याच्या मधून सीमा गेली. वाघ, मासे आणि भरतीचे पाणी ही सीमा मानत नाहीत, माणसांना मात्र ती मानावी लागली. सुंदरबनाला लागून असलेला खुलना जिल्हा पाकिस्तानात गेला. खुलना, जेसोर, बारिसाल हा नमशूद्रांचा मुलूख. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते याच बंगालमधून. मंडल पुढे पाकिस्तानचे कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात आले. त्या काळात आणि नंतरही लाखो नमशूद्र सीमा ओलांडत राहिले.

आधी आलेल्या सवर्ण निर्वासितांनी कोलकात्याच्या आसपास वसाहती उभ्या केल्या. नंतर आलेल्या गरीब दलितांना मात्र बंगालबाहेर पाठवले गेले. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. रायपूरजवळची माना छावणी, ओडिशातले मलकानगिरी अशा ठिकाणी नदीकाठच्या शेतकऱ्यांना खडकाळ रानात नेऊन सोडले. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही बंगाली निर्वासितांची गावे आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नमशूद्र नसल्यामुळे त्यांना आजही जातीच्या दाखल्यासाठी झगडावे लागते.

विरोधी पक्षात असताना डाव्या नेत्यांनी या निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, अशी मागणी केली होती. १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आली आणि लोकांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून निघाली. वाटेत अनेकांना पकडून परत पाठवले गेले. तरीही सुमारे ३०,००० माणसे सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर पोहोचली. सरकारची मदत न घेता त्यांनी बांध घातले, कूपनलिका खोदल्या, मासेमारी सुरू केली, शाळा आणि दवाखाना उभारला.

सरकारने उत्तर दिले की हे राखीव जंगल आहे, व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सुंदरबन व्याघ्र प्रकल्प १९७३ मध्ये घोषित झाला होता, हे खरे. पण याच बेटावरची खारफुटी काढून नारळ लावण्याची योजना सरकारनेच आधी राबवली होती. तेव्हा पर्यावरण आड आले नाही. जानेवारी १९७९ मध्ये १४४ कलम लावून पोलिसांच्या बोटींनी बेटाला वेढा घातला. धान्य, औषधे, पिण्याचे पाणी बंद झाले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. सरकारी कागदांत मृतांचा आकडा अगदी लहान आहे, वाचलेले लोक शेकडो मृत्यू सांगतात. एकाही अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही.

यानंतरचे नियोजन कसे झाले ते पाहा. १९८७ मध्ये भारतातले आणि १९९७ मध्ये बांगलादेशातले सुंदरबन जागतिक वारसा यादीत गेले. एकच जंगल, पण नोंदी दोन. १९७५ पासून फराक्का धरणाने गंगेचे पाणी वळवले. कोरड्या ऋतूत गोडे पाणी घटल्याने खुलन्याच्या बाजूला खारेपणा वाढला आणि त्याची झळ सुंदरी वृक्षांना, शेतीला, पिण्याच्या पाण्याला बसली. १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. सप्टेंबर २०११ मध्ये दोन्ही देशांनी सुंदरबन संवर्धनाचा सामंजस्य करार केला. त्यानंतर लगेच याच दोन सरकारांनी जंगलापासून सुमारे १४ किलोमीटरवर, रामपाल येथे, १३२० मेगावॅटचा कोळशाचा वीजप्रकल्प उभारायला घेतला. बांगलादेशात त्याविरुद्ध मोठे मोर्चे निघाले, तरी प्रकल्प झाला. चुलीच्या लाकडासाठी जंगलात जाणारी बाई गुन्हेगार ठरते. कोळशाची जहाजे मात्र त्याच जंगलाच्या नद्यांतून जातात!

२०११ च्या करारात जंगलावर जगणाऱ्यांच्या उपजीविकेचा उल्लेख आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण तिथे माणसे केवळ नोंदीचा विषय आहेत, निर्णयाचे भागीदार नाहीत. फरक इथेच आहे. नमशूद्र आणि पौंड्र मच्छीमार, मुंडा आदिवासी, मध गोळा करणारे गरीब मुसलमान, हे सर्व जंगलात शिरण्याआधी एकाच बोनबीबीला हात जोडतात. त्यांचे एकत्र बसणे सरकारांना अजून जमवता आलेले नाही. वाघाने नवरा नेलेल्या बाईला तिथे 'बाघ-बिधबा' म्हणतात. नवरा गाभा क्षेत्रात गेला होता, परवाना नव्हता, अशा सबबींवर तिची भरपाई वर्षानुवर्षे अडवली गेली. २००६ चा वनहक्क कायदा तर तिथे दीर्घकाळ अमलातच आला नाही.

खारफुटी वाचली पाहिजे, यात वाद नाही. आयला आणि अम्फानसारख्या चक्रीवादळांत तीच पहिली भिंत असते, आणि तिच्यामागे राहणारी बहुतेक माणसे आपलीच आहेत. म्हणूनच आमचा विरोध जंगल राखण्याला नाही. माणसांना वगळून जंगल राखण्याला आहे. प्रतिनिधित्वाशिवाय हक्क टिकत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. नदी आणि जंगल यांनाही हाच नियम लागू आहे. गंगेच्या पाण्याचा पुढचा करार होईल तेव्हा दिल्ली आणि ढाक्याच्या टेबलावर सुंदरबनचा मच्छीमार आणि बाघ-बिधबा असेल का, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. आपण तो विचारला नाही, तर पुढच्या मरिचझापीलाही पर्यावरणाचेच नाव दिले जाईल.

जय भीम!