झेरॉक्सचा खर्च

पालघरच्या हुतात्मा चौकातून जाणाऱ्या कुणालाही विचारा, १४ ऑगस्ट १९४२ ही तारीख तो सांगेल. त्या दिवशी कचेरीवर चालून गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. एक सालवडचा, एक नांदगावचा, एक मुरब्याचा, एक सातपाटीचा आणि एक खुद्द पालघरचा. दरवर्षी त्या दिवशी पालघर त्यांना मानवंदना देतं. आज मला बोलायचं आहे ते त्या गावांच्या नावांविषयी. सालवड, नांदगाव, मुरबे, सातपाटी. बोईसर-तारापूर भागातल्या प्रदूषणाची एखादी बातमी काढून बघा, त्यात हीच नावं पुन्हा भेटतात. सालवडच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली. मुरबे-नांदगावच्या खाडीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या येतात. आणि पापलेटसाठी देशभर नाव असलेलं सातपाटी जाळ्यात काही येत नाही म्हणून तक्रार करतं. एकाच मुलखातल्या या दोन इतिहासांपैकी पहिल्याचा स्तंभ झाला. दुसरा अजून फायलीत आहे, आणि ती फाइल सांभाळणाऱ्या संस्थांची गोष्ट मला सांगायची आहे.

बोईसर हे शहर कुणी ठरवून वसवलेलं नाही. तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभारण्यासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी १९६४ मध्ये करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथली वीज ग्राहकांकडे जाऊ लागली. केंद्र समुद्राकाठी, पण स्टेशन बोईसरचं. मग औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली. औषधं, रंग, रसायनं, कापड, पोलाद, असे एकामागून एक कारखाने उभे राहिले. कामाला माणसं आली खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारातून, ओडिशातून. चाळी झाल्या, चाळींवर मजले झाले. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि इथला माणूस मुंबईकर झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. या सगळ्या काळात बोईसरचा कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या दप्तरातून चालला. शहराचा कचरा, शहराचं सांडपाणी, शहराचे रस्ते आणि ग्रामपंचायतीची तिजोरी. घरात दहा पाहुणे आणि शिधा दोघांचा, अशी ही गत.

अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. चौथा संच २००५ मध्ये आणि तिसरा २००६ मध्ये सुरू झाला (हो, चौथा आधी आणि तिसरा नंतर, सरकारी कामात असंही होतं). गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचे वाद त्यानंतरही कितीतरी वर्षं कोर्टात रेंगाळत राहिले. वीज मुंबईला गेली, गुजरातला गेली. गाव कुठे गेलं, हे विचारायला एखादी समिती लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या औद्योगिक वसाहतींना प्रदूषणाचे गुण देतं. शाळेतल्यापेक्षा उलटी पद्धत: जितके गुण जास्त, तितकी अवस्था वाईट. सत्तरच्या वर गेलं की ‘अतिप्रदूषित’. २०१८ च्या मोजणीत देशातल्या शंभर वसाहतींत तारापूरचा पहिला नंबर आला. गुण ९३.६९. आमच्या भागातली मुलं बोर्डाच्या परीक्षेत एवढे गुण मिळवतात तेव्हा पेढे वाटतात.

हे कसं झालं, याचं एक सोपं गणित आहे. कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून समुद्रात सोडण्यासाठी एक सामुदायिक प्रक्रिया केंद्र होतं, दिवसाला अडीच कोटी लिटर ताकदीचं. येणारं पाणी त्याहून जास्त. जे मावत नाही ते कुठे जाणार? नाल्यात, खाडीत, नवापूरच्या किनाऱ्याकडे. पाच कोटी लिटरचं नवं केंद्र मंजूर झालं, पण ते उभं राहीपर्यंत कारखाने काही थांबले नव्हते आणि समुद्रही थांबला नव्हता. भरती आली की सोडलेलं पाणी गावाच्या दारात परत येतं, हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. ते कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

२०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जातीची परिषद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वधूवर मेळावा आणि गुणवंतांचा सत्कार येतो. या परिषदेने समुद्राचा दावा लावला. मांगेला म्हणजे मासेमारी करणारा समाज; समुद्र गेला तर समाजाच्या नावाला अर्थ उरत नाही, हे त्यांनी ओळखलं. अर्जावर तारखा पडत गेल्या, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिने नुकसान मोजलं. जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल आला. शंभरावर कारखान्यांनी मिळून दीडशे कोटींहून अधिक रुपये भरपाई द्यावी, असं त्यात होतं. आकडा जाहीर होणं आणि पैसे खाडीच्या कामी लागणं यांत मोठं अंतर असतं, हे खरं. पण सरकारी समितीने वसाहतीतल्या कारखान्यांची नावं आणि त्यांच्या नावापुढे रकमा लिहिल्या, ही गोष्ट त्याआधी या भागात झाली नव्हती.

सहा वर्षं अर्ज चालवायचा म्हणजे काय, हे जरा सांगतो. नमुना घ्यायचा तर नाल्यातून बाटली भरून चालत नाही. तो कसा घेतला, कुठे तपासला, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, हे सगळं विचारलं जातं. तपासणीला पैसे पडतात. माहिती अधिकारात कागद मागवायचे, त्याचे पानागणिक पैसे. मग त्याच कागदांच्या प्रती काढायच्या: एक लवादाला, एक मंडळाला, एक महामंडळाला, एकेक प्रतिवादींना. पुण्याला सुनावणी, म्हणजे दोन माणसांचा दिवस आणि प्रवास. त्या दिवशीची बोट बंद. वकील कमी फीमध्ये उभे राहतात, कधी विनामोबदला. पण टायपिंगवाला आणि झेरॉक्सवाला विनामोबदला काम करत नाही. त्याने का करावं?

या झेरॉक्सच्या पैशांसाठी देणगीदार मिळत नाही. याचं उत्तर शोधायला मी थोडा मागे आणि थोडा उत्तरेला जातो.

बोईसरच्या वर, गाडीने अर्ध्या तासावर डहाणू. चिकूच्या वाड्यांचा तालुका. तिथे औष्णिक वीज केंद्र येणार असं १९८० च्या दशकाच्या शेवटी ठरलं तेव्हा बागायतदार आणि पर्यावरणवाले एकत्र झाले. नर्गिस इराणी यांच्यासारख्या तिथल्याच माणसांनी संस्था बांधली. कोर्टात ते केंद्र थांबलं नाही. ही लढाई ते हरले, असं कुणालाही वाटलं असतं. पण २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर, आणि भोवताली २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा, अशी ती अधिसूचना. कागद झाला, पाळायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ‘सँक्च्युअरी’ मासिकाचे संपादक बिट्टू सहगल १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने तालुक्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव २०१९ च्या जानेवारीत गेले. दोन दशकांहून अधिक काळ एका तालुक्याच्या झाडा-खाडीची राखण करणारा दुसरा न्यायमूर्ती मला तरी ठाऊक नाही.

या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर अधिसूचनेत बसत नाही असं सांगितलं. १९९९ मध्ये वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारं यंत्र बसवायला सांगितलं. ते यंत्र प्रत्यक्ष चालू झालं २००७ मध्ये. मधल्या आठ वर्षांत कंपनीची मालकी बदलली, कोर्टकचेऱ्या झाल्या, ३०० कोटींची बँक हमी मागितली गेली. स्थानिक लोक मात्र तेच राहिले, आणि दर सुनावणीला तीच फाइल काखेत घेऊन येत राहिले. त्या काळी देशातल्या फार थोड्या वीज केंद्रांत असं यंत्र होतं. आज डहाणूची चिकूवाडी आणि बोईसरचा नाला यांत जो फरक दिसतो, तो एका अधिसूचनेचा आणि तिला जागं ठेवणाऱ्या माणसांचा फरक आहे. हवा तीच, समुद्र तोच.

वसईची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांची हरित वसई संरक्षण समिती १९८० च्या दशकाअखेर उभी राहिली. बिल्डर, टँकर आणि दहशत यांच्या विरोधात तिने गावागावांत सभा घेतल्या. पुढे फादर मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, उस्मानाबादला, जानेवारी २०२० मध्ये. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांच्या समितीची ताकद तिच्या पावतीपुस्तकात होती असं मला वाटतं. चर्चमधून, वाडीवरून, घराघरांतून जमलेली वर्गणी. ज्याने दहा रुपये दिले तो सभेला येतोच, आपल्या दहा रुपयांचं काय झालं ते बघायला.

आणि आपण देत नाही असं मुळीच नाही. गणपतीची वर्गणी आहे, उरुसाचा चंदा आहे, देवळाच्या कळसाला आणि मशिदीच्या मिनाराला पैसा कमी पडल्याचं ऐकिवात नाही. आमच्यात सदका-ए-जारिया म्हणतात, वाहतं दान. माणूस गेला तरी ज्याचं पुण्य वाहत राहतं ते. त्याचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे विहीर खोदणं. आता प्रश्न असा, की औद्योगिक वसाहतीजवळच्या गावात विहीर खोदून दिली आणि तिचं पाणी प्यायला भीती वाटते, तर त्या दानाचं काय? माझ्या मते त्या विहिरीचं पाणी तपासून घेण्याचा खर्च आणि तो अहवाल घेऊन पुण्याला जाणाऱ्याचं तिकीट हेही वाहतं दानच. मौलवीसाहेबांना मी हे विचारलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, पाणी शेवटी प्यायला मिळालं पाहिजे ना. हरकत त्यांनी घेतली नाही.

फक्त अशा दानावर नावाची पाटी लागत नाही. बाकाला लागते, पाणपोईला लागते, बसथांब्याला लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायला लावले. त्यातून शाळेची स्वच्छतागृहं झाली, रुग्णवाहिका आल्या, चांगलंच झालं. पण ज्या नाल्याबद्दल तक्रार आहे त्याच नाल्याकाठच्या कंपनीचे दोन टक्के घेऊन त्या नाल्याचा अर्ज कसा चालवायचा? परदेशातून पैसा आणायचा म्हटलं तर २०२० च्या दुरुस्तीने कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. अर्ज चालवणाऱ्या संस्थेचा खर्च असतो कसला? कारकून, फोन, प्रवास, प्रती. सगळा कार्यालयीनच. म्हणजे हा पैसा इथूनच यायला हवा, सालवडमधून, चिंचणीतून, बोईसरच्या चाळींतून. कारखान्यात काम करणारा माणूसही याच चाळीत राहतो. त्याला कारखाना बंद पडायला नको आहे, त्याच्या मुलाला खोकलाही नको आहे. संस्था त्याच्याशी बोलली नाही तर ती फक्त किनाऱ्याची राहील, शहराची होणार नाही. या संस्थांवर माझी टीका असेल तर ती एवढीच.

गरज उद्या आणखी वाढणार आहे. सूर्या धरणाचं पाणी शेतीसाठी म्हणून अडवलं, आणि आता त्यातलं रोजचं ४०.३ कोटी लिटर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेण्याची योजना आली. धरणाकाठचा आदिवासी विचारतो, आमच्या शेताचं काय. पालघरला सिडकोने नवं मुख्यालय बांधलं आणि त्याच्या भोवती नवं शहर वसवायचं ठरलं. ३१ जुलै २०२३ रोजी डहाणूच्या त्याच प्राधिकरणाने, पंचवीस वर्षांनी, वाढवण बंदराला अटींवर परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली. ७६ हजार कोटींवरचं काम. बंदर हवं की नको यावर घराघरांत दोन मतं आहेत आणि ती असू द्यावीत. पण परवानगीला अटी आहेत. अटी पाळल्या जातात की नाही हे बघणारा कुणी लागेल, आणि तो वीस वर्षं लागेल.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी लोकांना तीस दिवस मिळतात. अहवाल शेकडो पानांचा, बहुतेक इंग्रजीत. त्याचा मराठी सारांश करून तो मुरब्याच्या सोसायटीत, सालवडच्या ग्रामपंचायतीत आणि बोईसरच्या रिक्षा स्टँडवर तीस दिवसांच्या आत पोचवायचा असेल, तर दोन-तीनशे प्रती काढाव्या लागतात. माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला पेन्शनमधून दोनशे रुपये अशा एका समितीला देतात आणि पावतीवर ‘झेरॉक्सकरिता’ असं आवर्जून लिहून घेतात.