क्षेपणास्त्र संरक्षण सहकार्य : नवी दिल्लीतील दोन वाद

क्षेपणास्त्र संरक्षणाच्या क्षेत्रात अमेरिकेशी सहकार्य करण्याच्या प्रश्नावरून नवी दिल्लीतील सरकारांना पाच वर्षांच्या आत दोन वेळा टीकेला तोंड द्यावे लागले. मे २००१ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे, तर जून २००५ मध्ये सत्तेवर येऊन जेमतेम तेरा महिने झालेले संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार अडचणीत आले. दोन्ही प्रसंगी जाहीर भूमिका आधी आली आणि देशांतर्गत चर्चा नंतर सुरू झाली. या वादांची पार्श्वभूमी पुढीलप्रमाणे आहे.

प्रश्न संवेदनशील का?

शत्रूचे क्षेपणास्त्र आकाशातच नष्ट करणाऱ्या यंत्रणेचे तीन भाग असतात : क्षेपणास्त्राचा माग काढणारे रडार, निर्णय घेणारे नियंत्रण केंद्र आणि प्रत्यक्ष वेध घेणारे प्रतिक्षेपणास्त्र. यांपैकी काहीही दुसऱ्या देशाकडून घ्यायचे झाल्यास माहितीची देवाणघेवाण अपरिहार्य ठरते. त्यामुळे हा व्यवहार तोफा किंवा विमाने विकत घेण्याइतका सरळ राहत नाही. लाहोर आणि दिल्ली यांच्यातील हवाई अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला उत्तर देण्यासाठी केवळ काही मिनिटे मिळतात. संरक्षणाची गरज त्यामुळे खरी आहे. परंतु ते कोणाच्या मदतीने उभारायचे, हा राजकीय प्रश्न आहे.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी २६ मे १९७२ रोजी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. ढाल जितकी मजबूत, तितका तलवार उपसण्याचा मोह अधिक, हे त्यामागील तत्त्व होते. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी मार्च १९८३ मध्ये अंतराळातील संरक्षणाची योजना मांडल्यानंतर भारताने अंतराळातील शस्त्रस्पर्धेला सातत्याने विरोध केला. जानेवारी १९८५ मध्ये सहा देशांच्या प्रमुखांनी प्रसिद्ध केलेल्या दिल्ली जाहीरनाम्यातही तीच भूमिका होती.

मे २००१ : स्वागताची घाई

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १ मे २००१ रोजी वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठात भाषण केले. १९७२ च्या कराराच्या पलीकडे जाणारी नवी चौकट, क्षेपणास्त्र संरक्षण आणि अण्वस्त्रांमध्ये मोठी कपात, असे त्यांचे प्रतिपादन होते. युरोपातील अमेरिकेचे अनेक मित्रदेश सावध राहिले. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने मात्र दुसऱ्याच दिवशी या प्रस्तावांचे स्वागत केले.

निवेदनाचा भर अण्वस्त्र कपातीवर आणि शीतयुद्धकालीन वैरभाव मागे टाकण्यावर होता. तरीही भारताने क्षेपणास्त्र कवचाला पाठिंबा दिला, असाच त्याचा अर्थ सर्वत्र लावला गेला. त्या वेळी परराष्ट्र आणि संरक्षण ही दोन्ही खाती जसवंत सिंह यांच्याकडे होती. जॉर्ज फर्नांडिस यांनी मार्चमध्ये संरक्षणमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. इतक्या मोठ्या धोरणबदलापूर्वी कोणाशी विचारविनिमय झाला, असा सवाल काँग्रेस आणि डाव्या पक्षांनी केला.

त्याच आठवड्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री इगॉर इवानोव्ह दिल्लीत आले. १९७२ चा करार एकतर्फी मोडला जाऊ नये, असे भारताने तेव्हा स्पष्ट केले. पुढे ११ मे रोजी अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज दिल्लीत दाखल झाले. भारत दोन्ही बाजूंना बरे वाटेल असे बोलत आहे, ही टीका त्यामुळे अधिकच बळावली.

अमेरिकेने करारातून बाहेर पडण्याची घोषणा १३ डिसेंबर २००१ रोजी केली. त्याच दिवशी संसद भवनावर दहशतवादी हल्ला झाल्याने दिल्लीचे लक्ष अर्थातच दुसरीकडे होते.

जून २००५ : नवे सरकार, जुना प्रश्न

जानेवारी २००४ मध्ये दोन्ही देशांनी सामरिक भागीदारीचे पुढील टप्पे जाहीर केले, तेव्हा क्षेपणास्त्र संरक्षणावरील संवाद वाढविण्याचेही ठरले होते. मे महिन्यात सत्तांतर झाले. डॉ. मनमोहन सिंग यांचे सरकार सुमारे साठ डाव्या खासदारांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर उभे होते. स्वतंत्र परराष्ट्र धोरण आणि एकतर्फीपणाला विरोध ही सरकारच्या किमान समान कार्यक्रमातील आश्वासने होती.

संरक्षणमंत्री प्रणव मुखर्जी आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी २८ जून २००५ रोजी दहा वर्षांसाठीच्या संरक्षण आराखड्यावर स्वाक्षऱ्या केल्या. क्षेपणास्त्र संरक्षणातील सहकार्य वाढविणे आणि समान हित असेल तेव्हा बहुराष्ट्रीय मोहिमांत सहभागी होणे, ही कलमे त्यात होती. सरकारला आधार देणाऱ्या डाव्या पक्षांनीच त्यांना जाहीर विरोध केला. हा आराखडा बंधनकारक करार नाही आणि प्रत्येक निर्णय राष्ट्रहित पाहूनच घेतला जाईल, असा खुलासा सरकारने केला. कागदावरील शब्द कायम राहिले. त्यांचा अर्थ मर्यादित करण्याचे काम मात्र स्वाक्षरीनंतर करावे लागले.

अन्यत्रही असेच

असा प्रसंग केवळ भारतावरच आला असे नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा यांची निवड झाल्यावर त्यांनी पोलंडमधील क्षेपणास्त्र तळाची योजना पुढे नेण्याचे आश्वासन दिल्याचे पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने जाहीर केले. ओबामांच्या सल्लागाराने असे कोणतेही वचन दिले नसल्याचे तत्काळ सांगितले. ती योजना सप्टेंबर २००९ मध्ये रद्द झाली.

पुढे काय झाले?

भारताने अमेरिकी कवच घेतले नाही. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने २७ नोव्हेंबर २००६ रोजी स्वदेशी प्रतिक्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी घेतली. वातावरणाच्या आतील उंचीवर वेध घेणारी दुसरी चाचणी ६ डिसेंबर २००७ रोजी झाली. माग काढणाऱ्या रडारसाठी इस्रायलचे साहाय्य उपयोगी पडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये रशियाकडून पाच एस-४०० यंत्रणा घेण्याचा करार झाला, तोही अमेरिकेच्या निर्बंधांची टांगती तलवार असताना.

म्हणजेच २००१ आणि २००५ मध्ये ज्या सहकार्यावरून वादळ उठले, ते त्या स्वरूपात प्रत्यक्षात उतरलेच नाही. तरीही राजकीय किंमत दोन्ही सरकारांनी मोजली. एका सरकारला जुन्या मित्राची समजूत घालावी लागली, तर दुसऱ्याचा आपल्याच पाठीराख्यांशी असलेला विश्वास ढळला. तीन वर्षांनी, जुलै २००८ मध्ये, अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला. त्या दुराव्याच्या आरंभीच्या खुणा २००५ च्या या वादात दिसतात.