१०२३ आणि ०: फ्रेम रिलेचा एक दप्तरशोध

प्रभादेवीला काशिनाथ धुरू मार्गावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, ही तारीख पुष्कळांना ठाऊक असते. त्याच निगमाच्या सेवांत पुढे फ्रेम रिलेही होते, याची आठवण क्वचितच कोणी काढतो. ते घराघरांत कधी आलेच नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे कंपन्या. परळ-लालबागचा इतिहास लिहिताना आपण १९८२चा संप, भोंगे, चाळी जपल्या, आणि ते योग्यच झाले. पण गिरण्यांच्या आवारांत नंतर जी कार्यालये थाटली गेली, त्यांच्या तारांची बखर कोणी लिहिली नाही. २०१६ साली सिस्कोने आपल्या सीसीएनए परीक्षेतूनही फ्रेम रिले वगळले. यंत्रे तर त्याआधीच भंगारात निघाली होती.

फ्रेम रिलेची कल्पना साधी आहे. दोन कार्यालयांमध्ये भाड्याची स्वतंत्र तार टाकली, की कोणी काही पाठवो न पाठवो, ती अडकून राहते. त्याऐवजी प्रत्येक कार्यालयातून सेवादात्याच्या स्विचपर्यंत एकच तार न्यायची आणि तिच्यातून अनेक आभासी जोडण्या काढायच्या. प्रत्येक जोडणीला एक क्रमांक, त्याला डीएलसीआय म्हणतात. गंमत अशी, की हा क्रमांक फक्त त्या तारेपुरताच खरा. बारा नंबरची खोली गिरगावच्या चाळीतही असते आणि लालबागच्याही. त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो.

आता हे सारे पाहायचे कुठे? २००५ साली क्रिस्तोफ फियो या फ्रेंच माणसाने डायनामिप्स नावाचा एम्युलेटर लिहिला. तो राउटरच्या वागण्याची नक्कल करत नाही. त्याच्या प्रोसेसरची करतो, आणि वर सिस्कोचे मूळ सॉफ्टवेअरच चालते. संशोधकाच्या भाषेत हे अस्सल कागदपत्र. मात्र त्यातला फ्रेम रिले स्विच फियो यांनी स्वतः लिहिला आहे, म्हणजे ती उत्तरकालीन बखर. एकाच पडद्यावर अस्सल आणि बखर शेजारी नांदतात, आणि बिघाड शोधताना कोण बोलते आहे हे ओळखावे लागते.

मी तीन आभासी राउटर मांडले: मध्ये परळ, दोन बाजूंना गिरगाव आणि दादर. जुन्या धाटणीच्या संरचनेत एलएमआयचा प्रकार 'सिस्को' असा ठाम लिहिलेला असतो, तसाच ठेवला. तार जिवंत, पण प्रोटोकॉल बंद. आकडे पाहिले तर विचारणा वाढत होत्या, उत्तरे शून्य. एलएमआय म्हणजे राउटरने दर दहा सेकंदांनी स्विचला 'आहेस ना?' असे विचारणे. हा शिष्टाचार १९९० साली सिस्को, स्ट्राटाकॉम, डिजिटल आणि नॉर्दर्न टेलिकॉम या चौकडीने ठरवला आणि त्यासाठी १०२३ हा क्रमांक राखला. पुढे अमेरिकी मानक संस्थेने, आन्सीने, तेच काम ० क्रमांकावर नेले. फियो यांचा स्विच आन्सीची बोली बोलतो. राउटर १०२३च्या दारावर थाप मारत होता आणि स्विच ०च्या दारामागे बसला होता. चौकडीतल्या स्ट्राटाकॉमला सिस्कोने १९९६ साली विकत घेतले. भांडण मात्र सॉफ्टवेअरमध्ये शाबूत राहिले. प्रकार 'आन्सी' केला, की तार बोलू लागते. सिस्कोच्या ११.२ आवृत्तीपासून राउटर प्रकार स्वतःच ओळखतो, पण कोणी तो ठाम लिहिला असेल तर लिहिलेलेच मानतो.

पुढचा अडथळा अधिक बोलका आहे. गिरगाव परळला ओळखते, दादरही ओळखते. पण गिरगावाहून दादरला हाक पोहोचत नाही. इनव्हर्स एआरपी जोडणीच्या थेट पलीकडच्या टोकाचाच पत्ता आणून देते. दादरचा पत्ता गिरगावात, आणि गिरगावचा दादरला, हाताने लिहावा लागतो. दोन्हींपुढे क्रमांक मात्र परळकडे जाणाऱ्या जोडणीचा.

जोडणीची स्थिती राउटर तीन शब्दांत सांगतो: अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह, डिलीटेड. डिलीटेड म्हणजे तो क्रमांक स्विचला ठाऊकच नाही. इनअ‍ॅक्टिव्ह म्हणजे तुमच्याकडे ठीक, पलीकडे खोळंबा. मला या तीन शब्दांत तांत्रिक माहितीपेक्षा पंचनामा दिसतो. तार एकाची, यंत्र दुसऱ्याचे. बिघाड कोणाच्या माथी मारायचा याची सोय शिष्टाचारातच करून ठेवलेली.

एम्युलेटरमध्ये एक गोष्ट सापडत नाही. खऱ्या सिरियल तारेला एका टोकाने घड्याळाचा ठोका द्यावा लागे. इथे तो न देताही काम चालते. खड्ड्यात पाणी शिरत नाही, जोड गंजत नाही, परळला गुडघाभर पाणी साचल्यावर कोणी एक्स्चेंजकडे चालत निघत नाही. ती बाजू फक्त माणसांकडे आहे. त्या काळी पंचविशीत असलेले तंत्रज्ञ आज पन्नाशी ओलांडून गेले, त्यांचे वरिष्ठ सत्तरीत आहेत. त्यांच्या वह्यांत कोणत्या कार्यालयाला कोणता डीएलसीआय दिला होता याची यादी असेल, तर ती रद्दीत जाण्याआधी वाचायला मिळायला हवी.